अप्पांच्या भाषणाचा आवाज

टीव्हीवर अप्पा बोलत होते आणि आवाज येत नव्हता. एरवीही अप्पांचा आवाज कोणाला फारसा येत नसे, त्यामुळे सुरुवातीला कोणाच्या काही लक्षातच आलं नाही. सगळे चहाचे कप हातात धरून पडद्यावरच्या अप्पांकडे कौतुकाने बघत राहिले. पडद्यावरचे अप्पा माईक धरून तोंड उघडत होते, मिटत होते, मधूनच एक हात वर करत होते. खरे अप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते आणि त्यांचं तोंड नेहमीप्रमाणे मिटलेलं होतं.

"आवाज वाढवा की जरा," सासूबाई म्हणाल्या.

हे जावईबापूंना होतं. या घरात ज्या वस्तूला वायर असेल ती जावईबापूंच्या अखत्यारीत येई. वास्तविक जावईबापू विमा कंपनीच्या कचेरीत दावे तपासायचे. पण लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी सासुरवाडीचा बंद पडलेला टीव्ही चालू करून दाखवला होता. भिंतीवरचं बटण बंद होतं, ते त्यांनी दाबलं. त्या वेळी खोलीत दुसरं कोणी नव्हतं आणि काय बिघडलं होतं असं विचारल्यावर ते "सप्लायचा प्रॉब्लेम होता" एवढंच बोलले. तेव्हापासून त्यांचा शब्द अखेरचा.

त्यांनी रिमोट टीव्हीकडे रोखला आणि आवाज वाढवला. पडद्यावरची पट्टी टोकाला जाऊन टेकली. अप्पा तसेच मुके.

प्रकरण साधं नव्हतं. मागच्या महिन्यात अप्पा आणि सासूबाईंच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून पोरांनी हॉल घेऊन समारंभ केला. तिथे अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा भाषण केलं. चांगलं लांबलचक केलं. आणि नेमक्या त्या वेळी सासूबाई हॉलमध्ये नव्हत्या. केकवर भलत्याच जोडप्याचं नाव आलंय असं कळल्यामुळे त्या खाली केकवाल्याला फैलावर घ्यायला गेल्या होत्या. नाव बरोबरच होतं. त्या परत वर येईपर्यंत टाळ्यासुद्धा संपत आल्या होत्या.

तेव्हापासून त्या प्रत्येकाला विचारत होत्या, "काय बोलले ग? माझ्याबद्दल काय बोलले?" आणि प्रत्येक जण "फार सुंदर बोलले" असं म्हणत होता. कारण भाषण एकानेही ऐकलं नव्हतं. हॉलचे स्पीकर घुमत होते आणि लोक खाण्यात गुंतले होते. अप्पांना विचारलं तर ते म्हणत, "बोललो ना एकदा." त्यामुळे सगळी भिस्त या व्हिडिओवर होती. सासूबाई ठेवणीतली साडी नेसून टीव्हीच्या अगदी समोर बसल्या होत्या, जणू पडद्यावरूनही कोणाला त्या दिसणार होत्या.

"आधी टीव्हीचा आवाज येतो का ते बघू," जावईबापू शास्त्रशुद्ध आवाजात म्हणाले आणि त्यांनी बातम्यांचा चॅनल लावला.

आवाजाची पट्टी टोकाला टेकलेली होती हे ते विसरले. निवेदक एवढ्या जोराने ओरडला की मावशींच्या, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीच्या, कपातला चहा उसळून त्यांच्या मांडीवर आला आणि मावशी निवेदकापेक्षा वरच्या पट्टीत ओरडल्या.

"म्हणजे टीव्ही ठीक आहे," जावईबापू म्हणाले.

"टीव्ही ठीक आहे, मी भाजले!"

"मग ही पट्टी बिघडलीय," मेहुणा म्हणाला.

पट्टी म्हणजे टीव्हीखाली ठेवलेला लांबट काळा साउंडबार. तो जावईबापूंनीच समारंभाची भेट म्हणून आणला होता. मेहुण्याने आई-वडिलांना चादरी दिल्या होत्या आणि त्याला ही पट्टी पहिल्या दिवसापासून खुपत होती.

"पट्टी उत्तम आहे," जावईबापू म्हणाले. "आत्ता बातम्या तिच्यातूनच आल्या ना?"

"भावोजी, बातम्या ओरडूनच सांगतात. अप्पांचा आवाज नाजूक आहे. पट्टीला झेपत नसेल."

याला उत्तर देण्यापेक्षा वायरी तपासणं बरं म्हणून जावईबापू टीव्हीच्या कपाटामागे शिरले. शिरताना त्यांना पोट आत घ्यावं लागलं आणि आत गेल्यावर ते बाहेर सोडावं लागलं. त्यामुळे ते कपाट आणि भिंत यांच्यामध्ये घट्ट बसले. मान वळत नव्हती, हात मात्र पोचत होता. त्यांनी हाताला लागेल ती वायर उपसून पुन्हा खुपसायला सुरुवात केली. दर खेपेला पुढून बायकोचा आवाज येई, "आता चित्रपण गेलं हो!" मग ते ती वायर परत घालत. "आलं, आलं. आवाज नाही."

तोवर पुढे बसलेल्यांनी स्वतःच भाषण बसवायला घेतलं.

"हे बघ, हे बघ," मावशी म्हणाल्या, "आत्ता त्यांनी 'मेहुणी' म्हटलं. ओठ बघ ना. हे स्थळ मी सुचवलं होतं, त्याबद्दल माझे आभार मानतायत."

"मेहुणी नाही, 'मुलगा' म्हणतायत," मेहुणा म्हणाला.

"तुझ्याबद्दल काय बोलणार? समारंभाला सगळ्यांच्या शेवटी आलास."

"आणि आता वर हात केला तो कशाला?" सासूबाईंनी विचारलं. "माझ्याकडे बोट आहे का ते? मी कुठे होते तिकडे?"

"देवाचे आभार मानतायत, आई," बायको समजुतीने म्हणाली. "तू मिळालीस म्हणून."

"मग तोंड एवढं आंबट का केलंय?"

सासूबाई कोपऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही इथे जिवंत बसलाय. हात वर केलात तेव्हा काय म्हणत होतात, एवढं तरी सांगा."

अप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "येईल ना आवाज," ते म्हणाले.

कपाटामागे जावईबापूंना घाम फुटला होता. मेहुण्याने त्यांचा एक हात धरून ओढलं, बायकोने दुसरा, आणि ते एकदाचे सुटून बाहेर आले. शर्टाच्या पाठीवर भिंतीचा चुना आणि कपाळावर कोळ्याचं जाळं घेऊन ते उभे राहिले. तेवढ्यात खोलीत एक अनोळखी बाई बोलली.

"आवाज. शंभर."

सगळे दचकले.

"कोण ही?" मावशींनी विचारलं.

"मुख्य यादी," बाई म्हणाली. "मागे जा."

"तू कुठे मागे जायला सांगतेस ग मला?"

जावईबापू मागे अडकलेले असताना मेहुण्याने रिमोट घेऊन सगळी बटणं दाबून पाहिली होती आणि अंधांसाठी पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवण्याची सोय चालू करून ठेवली होती. आता टीव्हीला कंठ फुटला होता, पण अप्पांना नाही. अप्पा तोंडाची उघडझाप करत होते आणि ती बाई थंडपणे सांगत होती, "व्हिडिओ. चालू आहे."

"ते आम्हालाही दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. शेजारचे इलेक्ट्रिशियन आहेत."

जावईबापूंच्या इतक्या वर्षांच्या इभ्रतीचा प्रश्न होता. त्यांनी रिमोट मेहुण्याच्या हातातून काढून घेतला, त्या बाईला गप्प केलं आणि व्हिडिओ बनवणाऱ्या कॅमेरावाल्याला फोन लावला. फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्या आवाजावर ठेवला नाही, हे एक बरं केलं.

"तुमच्या फाईलमध्ये आवाज नाहीये," ते करड्या स्वरात म्हणाले.

"आहे ना साहेब, भरपूर आहे," कॅमेरावाला म्हणाला. "दोन आवाज आहेत. एक नंबरला हॉलच्या माईकचा घेतलाय, एकदम स्वच्छ. पण तो जरा भारी प्रकारात भरलाय, काही टीव्हींना तो वाचताच येत नाही. तुमचाही तसलाच असणार. मी साध्या प्रकारात करून पाठवतो."

"कधी?"

"या आठवड्यात."

जावईबापूंनी सासूबाईंकडे पाहिलं. आठवडा हा शब्द त्या खोलीत उच्चारण्याजोगा नव्हता.

"आणि दोन नंबरला काय आहे?"

"तो आपल्या कॅमेऱ्याचाच माईक. साधा आहे, तो तुमच्या टीव्हीवर नक्की लागेल. पण साहेब, तो लावायच्या आधी एकदा तुम्ही एकट्याने—"

"लागेल ना? झालं तर मग," जावईबापू म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मग खोलीकडे वळून ते सर्जनने ऑपरेशन आटोपल्यावर बोलावं तसे बोलले, "सापडलं. फाईलमध्ये दोन ट्रॅक आहेत. पट्टी निर्दोष आहे."

त्यांनी भाषण पुन्हा सुरुवातीपासून लावलं, पर्यायांत जाऊन दुसरा ट्रॅक निवडला, आणि रिमोट मानाने सासूबाईंच्या हातात ठेवला.

पट्टीतून हॉलचा गलका बाहेर पडला. बशा वाजल्या, कोणाची तरी खुर्ची सरकली. खूप लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा अप्पांचा आवाज आला, "मित्रहो..." खोलीत टाळ्या पडल्या. बायकोने नवऱ्याच्या पाठीवरचा चुना प्रेमाने झटकला.

आणि मग अगदी जवळून, कानाशी बोलावं तसा, दुसरा एक आवाज आला.

"बॅटरी पुरेल ना हो तुमची? म्हातारा पेटलाय आज."

आवाज स्वच्छ होता, दमदार होता, आणि जावईबापूंचा होता.

समारंभात कॅमेरावाल्यावर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. भाषणभर ते कॅमेऱ्याला खेटून उभे होते हे त्यांना आत्ता आठवलं. काय बोललो ते आठवेना, पण मोजून बोलायचा आपला स्वभाव नाही हे आठवलं.

"आई, रिमोट द्या जरा," ते म्हणाले. "या ट्रॅकमध्ये दोष आहे."

"थांबा," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी रिमोट मांडीखाली ठेवला.

"माझ्या लग्नापासून मी यांची फक्त दोन वाक्यं ऐकलीत," पट्टीतले जावईबापू सांगत होते. "एक 'या', आणि दुसरं 'निघालात का'. दुसरं जरा आनंदाने म्हणतात."

मेहुणा सोफ्यावर आडवा होऊन हसू लागला.

"हा माझा मेहुणा," पट्टी म्हणाली. "भाषण ऐकतोय असं वाटतं ना? नाही. केकवर नजर ठेवून आहे. त्याचा फोटो तोंड मिटलेलं असेल तेव्हा घ्या. म्हणजे घेऊच नका."

मेहुणा उठून बसला.

"आणि त्या?" कॅमेरावाल्याचा आवाज आला.

"त्या मावशी. त्यांच्याकडे कॅमेरा फिरवायची गरज नाही, त्या आपणहून येतील."

आणि त्याच क्षणी पडद्यावर मावशी उजव्या बाजूने आल्या, अप्पांच्या पुढ्यात थांबल्या, पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. खोलीतल्या मावशी मात्र हसल्या नाहीत.

"अहो, बंद करा ना ते!" बायको दबक्या आवाजात म्हणाली.

"कसं करू? आई रिमोटवर बसल्यात."

"सासूबाई हॉलमध्ये असत्या ना," पट्टीतले जावईबापू आता रंगात आले होते, "तर हे भाषण त्यांनी केलं असतं. अप्पांनी नुसता माईक धरला असता. म्हणून तर केकवर नाव चुकलंय असं यांनी स्वतःच सांगून त्यांना खाली पिटाळलं. मी होतो तिथे. त्यांची पाठ वळली आणि यांनी माईक घेतला. बेरकी आहे म्हातारा."

लांबवरून, विहिरीतून, अप्पा म्हणत होते, "...आणि शेवटी एकच सांगतो. ही आहे म्हणून मला..."

"वेफर्स आहेत का अजून?" पट्टीतल्या जावईबापूंनी विचारलं, आणि मग नुसतं कुरुम कुरुम ऐकू आलं. एक वेफर, मग दुसरा. तिसऱ्या वेफरबरोबर टाळ्या.

सासूबाईंनी मांडीखालून रिमोट काढला आणि टीव्ही बंद केला.

जावईबापूंनी जमिनीकडे पाहिलं. फरशी जराही दुभंगायला तयार नव्हती. पण सासूबाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या.

"केकचं तुम्ही सांगितलंत?" त्यांनी कोपऱ्याकडे बघत विचारलं.

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. "हो," अप्पा म्हणाले.

"का?"

"तू असतीस तर मध्येच दुरुस्त केलं असतंस."

"मी? मी कशाला दुरुस्त करेन?" सासूबाई उभ्या राहिल्या. "उठा. आता इथे बोला. तिथे काय बोललात ते सगळं. यांच्या वेफर्सच्या खालचंसुद्धा."

अप्पा उठले. नाइलाजाने उठले, पण उठल्यावर इतकी माणसं समोर बसलेली बघून त्यांना थोडा जोर आला असावा. "पन्नास वर्षांपूर्वी," ते म्हणाले, "आम्ही दोघांनी या गावात घर केलं—"

"घर नाही, खोली. भाड्याची."

अप्पांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "भाड्याच्या खोलीत," ते म्हणाले.

"ओल आलेली होती."

"ओल आलेल्या. हिने ती खोली अशी ठेवली, की माझे साहेब आले तेव्हा—"

"साहेब नाही, साहेबांची बायको. साहेब खालीच थांबले होते."

असं करत करत भाषण पुढे सरकलं. अप्पा विटा रचत होते, सासूबाई त्या सरळ करत होत्या. पोरांची आजारपणं झाली, अप्पांची गेलेली नोकरी झाली, ती सासूबाईंनी शिकवण्या घेऊन काढलेली दोन वर्षं झाली. "हिने मला तेव्हा एकदाही काही बोलून दाखवलं नाही," अप्पा म्हणाले, आणि यात दुरुस्ती आली नाही. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. मावशीसुद्धा जावईबापूंवरचा राग विसरून नाक ओढू लागल्या.

"हेच बोललात ना तिथे?" सासूबाईंनी विचारलं.

अप्पांनी वर्तमानपत्र पुन्हा हातात घेतलं. "हेच," ते म्हणाले.

त्या दिवशी जावईबापूंना कोणी रागावलं नाही. फक्त निघताना मावशींनी त्यांच्या पिशवीत वेफर्सचं पाकीट घातलं आणि मेहुण्याने "पट्टी खरंच उत्तम आहे, भावोजी" असं मनापासून सांगितलं. बायको घरी पोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते. रडत असेल या भीतीने जावईबापूंनी विचारलं नाही. ती हसत होती.

कॅमेरावाल्याने शब्द पाळला. त्याच आठवड्यात त्याने एक नंबरचा आवाज साध्या प्रकारात करून पाठवला. पुढच्या रविवारी तो पेनड्राइव्हमध्ये घालून जावईबापू सासुरवाडीला निघाले. या वेळी मात्र त्यांनी भाषण आधी एकट्याने, कानात इयरफोन घालून, पूर्ण ऐकलं होतं.

फाटकापाशीच अप्पा उभे होते. हातात भाजीची पिशवी होती, पण ती रिकामी होती. वाट बघण्यासाठी निमित्त म्हणून घेतलेली.

"ऐकलंत?" अप्पांनी विचारलं.

"ऐकलं."

"सगळं?"

"गाड्या कुठे लावायच्या ते सांगितलंय," जावईबापू म्हणाले. "जेवण डाव्या हाताला आहे. हात वर करून पंखा कमी करायला सांगितलाय. हॉल संध्याकाळी रिकामा करायचाय, हे तीनदा."

"हॉलवाल्याने बजावून ठेवलं होतं." अप्पा पिशवीच्या बंदाशी चाळा करत होते. "घरी बोललो त्यातलं काही नाहीये त्यात."

"शेवटी एक वाक्य आहे ना."

"तेच नको ऐकायला तिने. माझ्या मनात चांगलं होतं, पण तोंडातून भलतंच आलं. तिला टोमणा वाटेल." मग अप्पांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ठेवला. "तो व्हिडिओ पहिल्यांदा आला होता तसा, बिनआवाजाचा, करता येईल का हो?"

म्हाताऱ्याला म्हातारा म्हटल्याची भरपाई करायची याहून सोपी संधी मिळणार नव्हती. जावईबापूंच्या खिशात पहिल्या व्हिडिओचा जुना पेनड्राइव्हही होता.

वर सासूबाई टीव्हीसमोर तयार होत्या. जावईबापूंनी जुना पेनड्राइव्ह लावला. अप्पा पडद्यावर आले, तोंड उघडू लागले, आवाज आला नाही. जावईबापूंनी चेहरा गंभीर केला. आवाज वाढवला, कमी केला. पर्याय उघडले आणि दोन नंबरच्या आसपासही न जाता बंद केले. कपाटामागे हात घालून एक वायर उगाच हलवली. आयुष्यात प्रथमच ते एखादी गोष्ट न दुरुस्त होण्यासाठी इतके कष्ट घेत होते.

"नाही येत," शेवटी ते म्हणाले. "टीव्हीच बदलावा लागेल बहुतेक. मला नाही जमत हे, आई."

कोपऱ्यात वर्तमानपत्राआडून आवाज आला, "प्रयत्न केला त्यांनी."

"राहू द्या," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "त्या कॅमेरावाल्याला मी फोटोंसाठी फोन केला होता. त्याने परवाच माझ्या मोबाईलवर पाठवलंय भाषण. छान वाजतं."

वर्तमानपत्र खाली आलं. जावईबापू वायर हातात धरून तसेच उभे राहिले.

"ऐकलंस?" अप्पांनी विचारलं.

"ऐकलं ना. गाड्या, पंखा, हॉल. आणि मग शेवटचं." सासूबाईंनी मोबाईल पुढे धरून बटण दाबलं. छोट्याशा पडद्यावरून अप्पांचा आवाज स्वच्छ आला: "आणि शेवटी एकच सांगतो. ही आहे म्हणून मला कधी फार बोलावं लागलं नाही."

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "रागावलीस?" त्यांनी विचारलं.

"त्यात काय रागवायचं? बरोबर आहे ते. एक शब्द बदलायला नको त्यातला."

अप्पांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, घसा साफ केला आणि काहीतरी सांगण्यासाठी तोंड उघडलं.

"टाकतेच आहे चहा," म्हणत सासूबाई आत गेल्या. अप्पांनी समाधानाने तोंड मिटलं.